बटणांचं पानिपत

परवा दुपारी जेवणाच्या टेबलावर पानिपतच्या लढाईचा खेळ मांडला. इब्राहिमखानाचे गारदी म्हणजे शर्टाची निळी बटणं, हुजुरातीला, म्हणजे पेशव्यांच्या खाशा घोडदळाला, कॅरमच्या पांढऱ्या सोंगट्या, पलीकडे अब्दालीच्या काळ्या. भाऊसाहेबांसाठी मी लाल राणी उचलली, तसा समोरचा मित्र कळवळलाच. त्याचे सैनिक २८ मिलिमीटर उंचीचे, हाताने रंगवलेले. नेपोलियनच्या गार्डची एक पलटण पुरी व्हायला त्याला अख्खा पावसाळा लागतो. मिशांचा ब्रश निराळा. आणि एवढं करून ऐन लढाईत तो त्यांना पुढे काढतच नाही, संगिनी मोडतील म्हणून!

१८२४ साली राइसविट्झने प्रशियाच्या अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ छापला, तो नकाशावर लाल-निळे ठोकळे सरकवायचाच होता. त्यांना कुठे होत्या मिशा?

पण राइसविट्झ आपला तोंडी लावायला. माझं खरं दुखणं दिवाळीतल्या किल्ल्याचं. मावळे बाजारातून यायचे, भाल्यासाठी मुठीत भोक असलेले. शेजारी बुरुजाएवढी गवळण. मोठ्या भावंडांनी एकदा ते जागेवर रोवले की आम्हा धाकट्यांना हात लावायची बंदी. अळीव उगवून कमरेला लागले तरी पहारेकरी तिथेच, हात वर करून. मग मी आजीच्या डब्यातले चिंचोके पळवायचो, एका अंगाने घासून पांढरे केलेले. मूठभर चिंचोके अंधारात मागच्या कड्याने चढायचे, गड घ्यायचे. पडला की पांढरी बाजू वर. पुढे पुठ्ठ्याच्या काउंटरांचे विलायती खेळ हाती आले, तर त्यांतही तेच! निम्मी तुकडी कापली गेली की काउंटर उलटा करायचा.

मित्र म्हणतो, चेहरा असला की माणूस जपून खेळतो. तू बटणं मुठीमुठीने मारतोस. आहे खरं तसं. चहाच्या आतच माझे गारदी संपले होते आणि मी त्यांना डबीत परत टाकून आधण ठेवायला उठलो होतो.

पण १७६१ च्या जानेवारीत खरं पानिपत झालं, त्याची बातमी नानासाहेबांना कळली ती एका सावकारी पत्रातून, असं सांगतात. दोन मोत्ये गळाली. ती कोणती, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सत्तावीस मोहरा गेल्या. त्यांतलीही काही नावं सांगता येतात. आणि रुपये, खुर्दा किती गेला, त्याची गणतीच नाही.