योसेफाची मधली तेरा वर्षे

आज सकाळच्या वाचनात बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचा 39 वा अध्याय आला. संडेस्कूलमध्ये असल्यापासून योसेफाची गोष्ट मला पाठ आहे, परंतु निलंबनाचे पत्र हातात पडल्यापासून ती वाचताना माझे लक्ष राजवाड्याकडे आणि रथाकडे जात नाही. ते मधल्या वर्षांपाशी अडते. भावांनी विकले तेव्हा योसेफ 17 वर्षांचा होता आणि मिसरच्या (इजिप्तच्या) राजापुढे, म्हणजे फारोपुढे, उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. या तेरा वर्षांत देव त्याच्याशी एक शब्दही बोलल्याची नोंद नाही. योसेफाच्या पणजोबाशी, अब्राहामाशी, देव बोलला, बेथेल येथे त्याच्या बापाशी, याकोबाशी, बोलला, पुढे मिसरला निघालेल्या वृद्ध याकोबाशी बैर-शेबा येथे पुन्हा बोलला. योसेफाला मात्र तरुणपणी पडलेली दोन स्वप्ने तेवढी मिळाली, आणि त्या स्वप्नांपायीच तर भाऊ त्याचा अधिक द्वेष करू लागले. परमेश्वर योसेफाबरोबर होता, असे शास्त्र त्या एका अध्यायात पुन्हा पुन्हा सांगते; परंतु ते वाचकाला सांगितलेले आहे. कोठडीतल्या योसेफाला ते येऊन कोणी सांगितले असे कोठेही लिहिलेले नाही.

हे मला फार धीर देणारे वाटते. प्रार्थनेला बसल्यावर काहीच ऐकू येत नाही, मनात कोणतेही वचन ठळकपणे उमटत नाही, म्हणजे देव आपल्यापासून दूर गेला असा अर्थ मी या काही महिन्यांत नकळत काढत आले आहे, आणि तो अर्थ चुकीचा असू शकतो हे या अध्यायात स्पष्ट दिसते. देवाची सोबत आणि त्या सोबतीची जाणीव या दोन गोष्टी एकाच वेळी मिळतीलच असे नाही.

आणखी एक गोष्ट आज नव्याने ध्यानात आली. भावांनी योसेफाला कोरड्या विहिरीत टाकले त्या प्रसंगी, म्हणजे 37 व्या अध्यायात, त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. पायघोळ झगा काढून घेतला, विहिरीत टाकले, भाऊ जेवायला बसले, इश्माएली व्यापाऱ्यांचा तांडा आला, 20 रुपे ठरले, एवढेच लिहिले आहे. वाचणाऱ्याला वाटावे की मुलाने सारे मुकाट्याने सोसले. परंतु कितीतरी वर्षांनी, 42 व्या अध्यायात, धान्यासाठी मिसरला आलेले तेच भाऊ आपसांत कबूल करतात की तो काकुळतीला येऊन आपली विनवणी करत होता आणि आपण ऐकले नाही. म्हणजे तो ओरडला होता, रडला होता. विश्वास ठेवणाऱ्या माणसाने अन्याय होताना शांत राहावे अशी जी अपेक्षा आपल्या मंडळीत पुष्कळदा केली जाते, तिला येथे काहीही आधार नाही. पुढे तुरुंगातही प्यालेबरदाराला, म्हणजे फारोला प्याला देणाऱ्या सेवकाला, स्वप्नाचा अर्थ सांगितल्यावर योसेफ स्पष्ट म्हणतो की मला इब्र्यांच्या देशातून चोरून आणले आहे, येथेही मी कोठडीत टाकण्याजोगे काही केलेले नाही, तेव्हा तू सुटलास की फारोजवळ माझी गोष्ट काढ. त्याने ओळखीच्या माणसाकडे मदत मागितली म्हणून त्याचा देवावरचा भरवसा कमी होता, असे मी एकदा एका प्रवचनात ऐकले होते. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आज तर मुळीच पटत नाही. वकिलाकडे जाणे, लेखी खुलासा देणे, साक्षीदाराला विनंती करणे हे सारे देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने करायचे काम आहे. प्यालेबरदार पूर्ण दोन वर्षे विसरला, हा दोष प्यालेबरदाराचा.

माझी हकिगत येथे थोडक्यात लिहून ठेवते, कारण पुढे कधी ही वही उघडली तर आजचे मन कशातून जात होते हे मला समजले पाहिजे. एका वसतिगृहाच्या भांडाराचे काम माझ्याकडे होते. धान्याच्या पोत्यांवर 50 किलो छापलेले असे आणि काट्यावर प्रत्येक पोते 46-47 भरू लागले, तेव्हा मी चलनावर पूर्ण वजनाची सही देण्यास नकार दिला आणि प्रत्यक्ष वजन लाल शाईने लिहून ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत भांडारातील तुटीबद्दल माझीच चौकशी लागली. पुराव्यादाखल जे स्टॉक रजिस्टर पुढे केले गेले, त्यात सह्या माझ्याच आहेत. मात्र लाल शाईच्या नोंदी असलेली चलने फाइलमध्ये सापडत नाहीत, असे मला सांगण्यात आले. योसेफाच्या बाबतीत दोनदा त्याचे वस्त्रच त्याच्याविरुद्ध खोटे बोलले, एकदा बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा बापापुढे आणि दुसऱ्यांदा, मिसरात त्याला विकत घेणारा धनी पोटीफर याच्या बायकोने त्याच्यावर आळ घेतला तेव्हा, तिच्या हाती राहिलेले वस्त्र त्या धन्यापुढे. दोन्ही वेळा वस्तू खरी होती आणि तिच्यावरून सांगितलेली गोष्ट खोटी. माझ्या रजिस्टरचे नेमके हेच झाले आहे.

परंतु आज लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. चहा झाला, सासूबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी झाली, आणि मग त्यांनी निरोप सांगितला की भांडारातल्या मदतनीसाच्या निष्काळजीपणामुळे धान्य कमी भरले असे मी लेखी दिले, तर प्रकरण मिटेल आणि महिन्याभरात मी कामावर परत येईन. मदतनीस हा रोजंदारीवरचा मुलगा आहे. त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, हेच त्याची निवड होण्याचे कारण. निम्म्या पगारावर घर चालवताना, धाकटीच्या बारावीच्या क्लासची फी थकलेली असताना, त्या प्रस्तावाला मोह हा शब्द लावणेसुद्धा त्या क्षणी सुचत नाही. तो सुटकेसारखा दिसतो. प्रार्थनेचे उत्तर म्हणूनही तो सहज खपून जाईल, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. ह्यांनी मला काहीही करायला सांगितले नाही. तुझे मन काय म्हणते ते कर, एवढेच म्हणाले, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पोटीफरच्या बायकोने योसेफाला आपल्यापाशी निजण्याची एकदाच गळ घातली असे नाही. ती रोज रोज त्याच्याशी बोलत राहिली असे शास्त्रात आहे. एका दिवसाचा नकार देणे सोपे असते, पण तोच नकार दररोज सकाळी त्याच घरात, त्याच माणसाला, काम चालू ठेवून देत राहणे किती कठीण असेल याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. त्याने दिलेले कारणही पाहण्यासारखे आहे. तो आधी धन्याविषयी बोलतो, की या माणसाने सर्व काही माझ्या हाती सोपवले आहे, आणि मग म्हणतो की एवढे मोठे दुष्कर्म करून मी देवाविरुद्ध पाप कसे करू. समोरच्या माणसाशी बेइमानी आणि देवाविरुद्ध पाप त्याच्या मनात एकाच वाक्यात येतात. मी त्या गृहस्थांना नाही म्हटले ते याच वाक्याच्या बळावर. त्या मुलाने माझ्यासमोर एकेक पोते काट्यावर चढवले आहे. त्याच्याविरुद्ध सही केली असती तर त्यानंतर देवापुढे कोणत्या तोंडाने बसले असते? नकाराचे फळ काय मिळाले, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. योसेफाला नकारापायी तुरुंग मिळाला, आणि माझ्या दोषारोपपत्रात आता आणखी एक मुद्दा वाढला आहे.

रविवारी उपासनेनंतर पाळकबाईंनी माझे दोन्ही हात धरून सांगितले, “ताई, यात प्रभूची काहीतरी चांगली योजना असेल.” त्यांची माया खरी आहे आणि आमच्या घरासाठी त्या उपास धरतात हे मला ठाऊक आहे, तरी ते वाक्य मला टोचले, आणि का टोचले हे आज थोडे समजले. तुम्ही माझे वाईट योजले पण देवाने त्यातून चांगले योजले, हे 50 व्या अध्यायातले शब्द खुद्द योसेफाचे आहेत. ते विहिरीपाशी कोणी त्याला ऐकवले नाहीत, आणि टाकणाऱ्यांना तर ते उच्चारण्याचा अधिकारच नव्हता. ज्याने सोसले त्याने, 30 वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, बापाला पुरून आल्यावर, रडत रडत ते म्हटले. शिवाय त्यातही त्याने वाइटाला वाईटच म्हटले आहे. भावांच्या कृत्यावर त्याने पांघरूण घातलेले नाही. देवाची योजना म्हणून अन्याय करणाऱ्याचा हिशेब मिटवून टाकणे हा त्या वचनाचा गैरवापर आहे, आणि तो आपल्याकडे फार होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील आणि थोरली बहीण गमावली, पुढे 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती. नंतर 1896-97 च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणून आसरा दिला. भूक काय असते हे ठाऊक असलेल्या बाईने भुकेल्यांना उचलले, यात मला देवाचा हात दिसतो. परंतु या मुली वाचाव्यात म्हणून देवाने रमाबाईंच्या आईवडिलांना भुकेने मरू दिले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. देव वाईटातून मार्ग काढतो एवढे मला शास्त्रातून कळते. त्यापलीकडचा हिशेब माझ्या आवाक्यातला नाही.

म्हणून पाळकबाईंना उद्या फोन करून मी त्यांचे आभार मानणार आहे, आणि एक विनंतीही करणार आहे. माझ्या प्रकरणाचा शेवट चांगला होईल असे त्यांनी मला सध्या सांगू नये. त्याऐवजी गुरुवारी चौकशीच्या तारखेला त्यांनी माझ्याबरोबर येऊन बाहेरच्या बाकावर बसावे. चलनांच्या दुसऱ्या प्रती मिळाव्यात म्हणून मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहून ठेवला आहे, तो सकाळी पोस्टाने रजिस्टर करायचा आहे, आणि त्या मुलाच्या आईलाही भेटून यायचे आहे, कारण तिच्या कानावर काहीतरी भलतेच गेले आहे.