यक्षांची भरती आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे

खेळासाठी कल्पनेतलं शहर उभं करायला दोन रात्री पुरल्या. पिंपळ सोडून सर्व्हरवर मुक्काम टाकलेला मुंजा, डोळ्यात चिप बसवलेल्या हडळी, ठेक्यावर चालणारं खासगी पोलीस दल, सगळं भराभर सुचलं. अडलो ते त्या दलाच्या भरतीच्या खिडकीशी.

आमचा खेळ टेबलाभोवती बसून, फासे टाकून पात्रं जगण्याचा. गोष्ट रचण्याचं काम माझं. मैत्रिणीचं पात्र यक्षीण, उंची साडेचार फूट. दलाने तिला नाकारावं, एवढंच मला हवं होतं. मी दारावर पाटी लावली, 'यक्षांना प्रवेश नाही'. ती हसलीच. "अरे, असं लेखी कोण देतं? वकील काय शोभेला ठेवलेत?"

पाटी काढून खिडकीत उद्धट कारकून बसवला. तर म्हणे, कारकून बदलला की प्रश्न संपला. बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला. अर्ज पाच वेळा नव्याने लिहिला. जातीचा, म्हणजे माणूस की यक्ष, हा रकाना ठेवला, खोडला, परत ठेवला.

शेवटी सापडला अमेरिकेतला १९७७ चा एक खटला, डॉथर्ड विरुद्ध रॉलिन्सन. अलाबामात तुरुंगरक्षकाला किमान ५ फूट २ इंच उंची आणि १२० पौंड वजन लागे. नियमात 'बाई' हा शब्दही नव्हता, तरी त्या दोन आकड्यांनी ४१ टक्के बायका बाद होत आणि पुरुष १ टक्कासुद्धा नाहीत. सरकार म्हणालं, कामाला ताकद लागते. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, मग ताकदच का तपासत नाही? (त्याच निकालात पुरुषांच्या कडेकोट तुरुंगांतल्या काही जागांवर बायका नकोत हे मात्र मान्य झालं. ते वाचून परत डोकं फिरलं.)

जातीचा रकाना कायमचा उडवला. 'किमान उंची ५ फूट २ इंच', बस्स.

हो, आधी सांगायचं राहिलं. असं काही रचत असाल तर भरतीत कोण किती निवडले गेले ते आकडेही ठरवून ठेवा. अमेरिकेत १९७८ साली एक ढोबळ कसोटी आली, एका गटाच्या निवडीचं प्रमाण सर्वाधिक निवडल्या गेलेल्या गटाच्या ८० टक्क्यांखाली गेलं की भेदभावाचा संशय घ्यायचा. माझ्याकडे २० माणसांतून १० घेतली, २० यक्षांतून ३. म्हणजे ५० टक्क्यांसमोर १५. आकडे मी तयार ठेवले नव्हते, भर खेळात बोटांवर मोजत बसलो.

खेळाच्या दिवशी यक्षिणीने वजन उचलण्याच्या चाचणीत फाशावर सर्वांत मोठा आकडा टाकला. मग खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाली, "या कामात उंची कुठे लागते, तेवढं दाखवा." कारकून मीच. कागद चाळल्याचं नाटक केलं, काही सापडेना. मी तिला नोकरी देऊन टाकायला निघालो होतो, आणि माझी सुटका झाली असती.

तिने नोकरी घेतलीच नाही. नियमाची सही-शिक्क्याची नक्कल मागितली. ती आता मला लिहून द्यायची आहे.