तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टात गेलं तर साहेब घरी बसेल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात कचेरीसमोर टेबल टाकून मी अर्ज लिहून देतो. लोक बॉण्ड रायटर म्हणतात. त्यांनी मराठीत सांगायचं आणि मी कानडीत उतरवायचं, असा हा धंदा. महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी विचारतंच, "साहेबाच्या विरुद्ध तक्रार दिली, वर्ष झालं, काय बी नाही. आता धारवाडला कोर्टात गेलो तर त्यो घरी बसंल काय?"

नाही बसणार. निदान रिटमधून, म्हणजे कचेरीच्या कारभाराविरुद्ध धारवाडच्या हायकोर्टात घालायच्या अर्जातून, तरी नाही.

रिट घालायची म्हणजे साहेबावर खटला भरायचा, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. घटनेच्या कलम 226 खाली हायकोर्ट बघतं ते निराळंच. तक्रार ज्याच्याकडे गेली त्याने ती वाचली का, ठरवायचा अधिकार त्यालाच होता का, दोन्हीकडचं ऐकलं का, नकार दिला तर कारण लिहिलं का. साहेबाने पैसे खाल्ले की नाही, हे साक्षीपुरावे घेऊन ठरवण्याची ती जागा नव्हे. तक्रार हाताळण्यात खोट सापडली तर कोर्ट तो निर्णय रद्द करतं आणि बऱ्याचदा कागद पुन्हा त्याच कचेरीकडे पाठवतं: अमुक आठवड्यांत कायद्याप्रमाणे विचार करा. असा हुकूम घेऊन आलेला माणूस माझ्यापुढे तोंड पाडून बसतो. तो जिंकलाय, हे मलाच त्याला पटवावं लागतं.

म्हणून मी आधी विचारतो, "हिंबरह आहे काय?" सीमाभागात हा कानडी शब्द आता आपलाच झालाय. अर्जाला कचेरी जे लेखी उत्तर देते ते हिंबरह. बरेचदा चार ओळींचं, "सदर अर्ज विचारात घेता येत नाही" छापाचं. लोक चिडून ते फाडतात. अहो, कोर्टात आव्हान द्यायचं ते त्याच चार ओळींना! त्यात कारण नसेल तर तुमचं निम्मं काम कचेरीनेच करून ठेवलंय. आणि उत्तरच आलं नसेल तर अर्ज पोचल्याचा पुरावा हवा. मागितलं आणि दिलं नाही, हे दाखवल्याशिवाय कोर्ट परमादेश, म्हणजे कचेरीला 'तुझं काम कर' असा हुकूम, काढत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वडील गेल्यावर वारसा नोंदीसाठी मी एका कचेरीत तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा "ठेवून जा" म्हणाले आणि मी ठेवून आलो. रोज दुसऱ्यांचे अर्ज लिहिणारा मी, स्वतःच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायचा विसरलो. कारकुनाला चहापाणी दिलं नाही म्हणून नोंद अडली, अशी तक्रार वर केली, तर उत्तर आलं की असा अर्ज आमच्या रजिस्टरलाच नाही. बेळगावच्या वकिलांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "तुमचा अर्ज अजून जन्मलेलाच नाही." मग चौथा अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. वर्ष वाया गेलं ते गेलंच.

दुसरी एक गोष्ट लोकांना अजिबात पटत नाही. साहेबाची चौकशी झाली आणि तो सुटला, तर तक्रारदार म्हणून तुम्हाला ते वरच्या कोर्टात ओढत नेता येतं, असं नाही. रायगड जिल्ह्यातल्या उरणच्या नगराध्यक्षांचं प्रकरण 2012 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिथे कोर्टाने म्हटलं की तक्रारदाराचं काम पुरावा देण्यापुरतं. अधिकाऱ्यासमोर प्रतिपक्ष म्हणून उभं राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण ज्याची जमीन अडकलीय त्याला हे सांगताना माझीच जीभ अडखळते. त्याला मी एवढंच सांगतो की साहेबाचा नाद सोड आणि तुझी नोंद मागायला जा. तिथे हक्क तुझा आहे.

लोकायुक्तांचं काय, हाही प्रश्न पाठोपाठ येतो. 1984 च्या कर्नाटकच्या कायद्यात गाऱ्हाणं वेगळं आणि आरोप वेगळा. काम अडवलं, उशीर केला, हे गाऱ्हाणं. ते कळल्यापासून 6 महिन्यांच्या आत द्यायचं. पैसे मागितले, पदाचा गैरवापर केला, हा आरोप. त्याला 5 वर्षं. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि तक्रार जाणूनबुजून खोटी केली तर शिक्षा तक्रारदारालाच. म्हणून रागाच्या भरात आलेल्याला मी दुसऱ्या दिवशी यायला सांगतो. निम्मे येत नाहीत. लोकायुक्तही कोणाला घरी बसवत नाहीत. ते चौकशी करून सरकारला अहवाल देतात, पुढचं सरकारच्या हातात.

2016 च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने एका आदेशाने एसीबी, म्हणजे लाचेच्या तक्रारींसाठी वेगळं पथक, उभं केलं आणि लोकायुक्त पोलिसांकडचं लाचेचं काम काढून घेतलं. 11 ऑगस्ट 2022 ला हायकोर्टाने तो आदेशच रद्द केला आणि काम परत लोकायुक्तांकडे आलं. अमुक अधिकारी चोर आहे, असं कोर्ट त्यात काही म्हणालं नाही. सरकारला असं करता येत नव्हतं, एवढंच म्हणालं. कोर्टाची ताकद कुठे आहे ते बघायचं असेल तर तिथे बघावं.

पोलीस तक्रारच नोंदवून घेत नसतील तर थेट हायकोर्टात धावू नका. आधी एसपींना लेखी द्या, मग मॅजिस्ट्रेट. आधी तिकडे जाऊन या, असं हायकोर्टच सांगतं.

2008 साली धारवाडला फिरतं पीठ आलं, 2013 ला ते कायमचं झालं. त्याआधी बेंगळुरू, 500 किलोमीटर. आता खानापुरातून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो. वकिलांची फी मात्र तेवढी जवळ आलेली नाही.

परवा जांबोटीकडच्या एक मावशी आल्या. पिशवीतून पिशवी, तिच्यातून प्लॅस्टिक, त्याच्या आत हिंबरह. "हे बघ बाबा, मी फाडलं नाही." कारण एका शब्दाचं नाही, खाली सही आणि जावकचा शिक्का. शिक्क्याची शाई पसरलेली. महिना 3 आहे की 8, काही केल्या कळेना. मार्चचं असेल तर गाऱ्हाण्याची मुदत संपलीय, ऑगस्टचं असेल तर अजून दोन महिने हातात आहेत. मी चष्मा पुसला, मावशींनी कागद उन्हात धरला.

"भात पोटरीला आल्तं तवा आणून दिला ह्यो कागुद," त्या म्हणाल्या.

मी पेनाचं टोपण काढलं.