आमची वाटचाल : गल्ल्याशेजारचा चोक

आमच्या माशांच्या दुकानात आलात की गल्ल्याशेजारी काचेच्या बरणीत ट्यूबलाइटचा एक गंजका चोक दिसेल. छत्तीस वॅटचा, तांब्याचा, वर पांढरट क्षारांची पुटं चढलेला. महिन्यातून एखादा तरी विचारतो, "हा कितीला?" विकायचा नाही. धंद्याला सत्तावीस वर्षं झाली म्हणून चिरंजीव म्हणाले, बाबा, काहीतरी लिहा. लिहायला बसलो तर डोळ्यांसमोर आधी हा चोकच आला.

१९९८ साली डोंबिवली पूर्वेला नऊ बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. पहाटेच्या लोकलने क्रॉफर्ड मार्केट गाठायचं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या कापडी थैल्यांत घालून परतायचं, आणि कुणी त्यांच्यावर टेकू नये म्हणून जागा मिळाली तरी उभंच राहायचं. तेव्हा लाइटचा विषय सोपा होता. दोन फुटी टँकवर अठरा वॅटची पट्टी, म्हणजे ट्यूब, चार फुटीवर छत्तीसची, संपलं. काच, सिलिकॉन, वाळू, मासे मला कळायचे. वायर कळत नव्हती, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

वायरमन मामांनी ते दाखवलं. ते सख्खे मामा नव्हेत. एमआयडीसीतल्या कंपनीत मेंटेनन्सला होते, रिटायर झाल्यावर संध्याकाळी गाळ्यासमोर उभे राहून एंजल मासे बघत बसायचे. एकदा मी बनवलेला हूड, म्हणजे टँकवरचं लाइटचं झाकण, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "हा तू केलास? छान. आता ह्याला हात लावायला मला सांगू नकोस." दुसऱ्या दिवशी स्वतःची पिशवी घेऊन आले ते पुढची चौदा वर्षं. भांडवल म्हणून छदाम आणला नाही. कागदावर भागीदारीही नव्हती. पण आमचं दुकान दोघांचं होतं.

ती पिशवी अजून आहे. टेस्टर दोन, कारण एकाच टेस्टरवर भरवसा ठेवायचा नाही. आणि दोन्ही आधी चालू सॉकेटवर पेटतात का ते बघून मग कामाला लावायचे. सिरीज बोर्ड, साठचा बल्ब लावलेला, शॉर्ट असला की तो पेटतो. मल्टीमीटर. जुन्या चादरीच्या चिंध्या. रबरी स्लिपरचा जोड, नऊ नंबरचा, कुणाच्याही पायात बसावा म्हणून. आणि मेगर, इन्शुलेशन वीज किती अडवतं ते मोजणारा, हाताने फिरवायचा, पाचशे व्होल्टचा. असा मेगर माशांच्या दुकानात मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मामांनी आमचा हूड पार बदलला. चोक हूडमध्ये ठेवायचा नाही, खाली कपाटाच्या बाजूच्या पाटीवर घ्यायचा. वर वाफ, थेंब आणि क्षार, तिथे चोकचं काय काम? रिफ्लेक्टर पत्र्याचा असेल तर तीन तारांची वायर, हिरवी, म्हणजे अर्थिंगची, पत्र्याला, टोकाला थ्री पिन टॉप. पट्टीच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या. आणि सॉकेटकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला झोळ. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकलं पाहिजे, सॉकेटात शिरता कामा नये. फिल्टर, पंप, हीटर, सगळ्यांना हाच नियम. घरी टँक असेल तर हे वाचता वाचता उठून बघा. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर पडला असेल तर आधी तो उचलून भिंतीला लावा, मग पुढचं वाचा.

आमचा हूड तीनशे रुपयांनी महाग पडायचा. इथेच दुखणं सुरू झालं.

आमच्याकडे दोन वर्षं काम शिकून गेलेल्या एका मुलाने स्टेशनजवळ दुकान काढलं. नाव लिहीत नाही. काढावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हूड आमचाच घेतला आणि त्यातलं नेमकं जे खर्चाचं, तेवढं वगळलं. चोक परत आत, दोन तारांची वायर, दोन पिनांची टोपी, वायरीवरच एक बटण. वरून सनमायका आमच्यापेक्षा चकचकीत. साडेआठशे रुपये.

एका दवाखान्याच्या वेटिंग रूममधला चार फुटी टँक आम्ही सांभाळत होतो. डॉक्टरांनी आम्हाला न विचारता तो हूड आणून चढवला. मी कुरकुर केली, पण मेंटेनन्स सोडला नाही. जूनमध्ये शाळांच्या फिया असतात, काय सांगू.

२००९ चा जुलै. सकाळपासून पाऊस. आमच्या दुकानात कामाला असलेला मुलगा पाणी बदलून झाल्यावर पट्टी फडफडतेय म्हणून बदलायला गेला. वायरीवरचं बटण बंद केलं. पट्टीही विझली. सायफनचं पाणी फरशीवर सांडलेलं, चपला बाहेर काढलेल्या. पत्र्याला हात लागला आणि तो स्टुलासकट मागे फेकला गेला. फेकला गेला म्हणूनच वाचला. कधी कधी करंटने मूठ आवळते, मग सोडवणारा कुणी नसेल तर संपलं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे डाग आणि मनगटाचं हाड मोडलेलं. रात्री त्याची आई माझ्याकडे बघत होती, ती नजर अजून जात नाही.

पिन काढली नव्हती. सॉकेट जड कपाटामागे होतं म्हणून त्याने बटणावर भागवलं. ही चूक आमची, आणि ती मी तेव्हाही कबूल केली. पण बाकीचं ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आठवडाभरात बातमी फिरली की "त्यांच्या टँकला करंट येतो." कुणी फिरवली ते सांगायला नको. एकतीस घरांचं मेंटेनन्स होतं, ऑगस्टअखेर तेरा उरली. गणपतीत टँक भाड्याने जायचे, त्या वर्षी एकही गेला नाही. गाळ्याचं भाडं तीन महिने थकलं. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे एमसीबी आहे. दोष असता तर तो पडला असता." शिकलेला माणूस. अहो, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, तो अँपिअरच्या हिशेबात चालतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्शाचा करंट पुरतो. माणसासाठी आरसीसीबी, करंट गळला की वीज तोडणारा, तीस मिलिअँपिअरचा. जुने लोक ईएलसीबी म्हणतात.

मामांनी तो हूड मागून आणला. बरणीतला चोक ह्यातलाच. आधी सिरीज लावली, चोकच्या तारेपासून पत्र्यापर्यंत. बल्ब पेटला नाही. मला वाटलं, गेलो आपण, दोष सापडणारच नाही. मामा म्हणाले, "ओल आहे, शॉर्ट नाही. ओलीवर साठचा बल्ब पेटत नसतो." मेगर काढला, दोन चिमटे लावले, फिरवला. काटा शून्यापाशी जाऊन बसला तो हलेचना. कमीत कमी एक मेगओहम तरी हवा होता. मग टोपी तशीच्या तशी उलट करून सॉकेटात घातली. दोन पिनांची, उलट घाला नाहीतर सुलट, बसतेच. एका बाजूने घातली की बटण फेज, म्हणजे वीज येणारी तार, तोडतं, दुसऱ्या बाजूने न्यूट्रल, म्हणजे परतीची. न्यूट्रल तुटला की पट्टी विझते, पण अख्ख्या हूडमध्ये फेज तसाच. दवाखान्यात नेमकं तेच झालं होतं. बटण बंद, आणि पत्र्याला लावलेला टेस्टर लालभडक.

हे सगळं सर्वांत आधी पाहिलं ते बाईंनी. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, आमचं पहिलं गिऱ्हाईक, दोन फुटी टँक आणि चार एंजल. बोभाटा ऐकून स्वतः रिक्षाने आल्या. मेगर दोनदा फिरवायला लावला. मग म्हणाल्या, "टँकमध्ये करंट असता तर मासे मेले नसते का रे?" मामा म्हणाले, "बाई, चिमणी तारेवर बसते ना? पाण्यात सगळीकडे विजेचा दाब सारखाच असेल तर माशाला पत्ताच नसतो. ओल्या फरशीवर उभं राहून तुम्ही हात घातलात की वाट तुमच्यातून मिळते." बाईंनी तिथेच आरसीसीबी बसवायला सांगितला आणि पुढच्या महिनाभरात त्यांच्या सोसायटीतली अकरा घरं जोडून दिली. त्या अकरांवर दुकान उभं राहिलं.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. मामा २०१३ ला गेले.

आता सगळीकडे एलईडी. "बारा व्होल्ट आहे हो, काही होत नाही," हे मी रोज ऐकतो. स्ट्रिप बाराची असेल, पण अडॅप्टरच्या एका बाजूला दोनशे तीस आहेतच, आणि तो तुम्ही टँकच्या झाकणावर ठेवलाय. स्वस्त क्लिप लाइटमध्ये तर अडॅप्टरच नसतो, आतला सर्किट थेट मेनवर. फुटलेल्या हीटरमुळे आरसीसीबी पडतो, फ्रिज बंद पडतो, म्हणून वायरमनकडून आरसीसीबीच काढून टाकणारे गिऱ्हाईक मी पाहिलंय. हीटर मात्र तसाच पाण्यात. आणि हो, हीटरची पिन काढल्यावर पंधरा मिनिटं थांबून मग पाणी उपसा, गरम काच उघडी पडली की तडकते. आमची मुलं पिन काढून ती स्वतःच्या खिशाशेजारी दिसेल अशी लटकवतात, मग बाही वर करतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून वहीत सही घेतो. लोक हसतात.

मागच्या दिवाळीत त्या डॉक्टरांचा फोन आला. नवा पाच फुटी टँक केलाय, मेंटेनन्स घ्याल का? मी विचारलं, "आरसीसीबी बसवलाय का?" म्हणाले, "तुम्ही या तर खरं, मग बघू." मी म्हटलं, बसवला की फोन करा. अजून आलेला नाही.