सांगलीत बसून कॉक्स बाजारच्या मुलींच्या गरजा शोधताना

समाजशास्त्रात एम.ए., इंग्रजी वाचायची सवय आणि घरचं बरं चालणारं इंटरनेट, एवढ्या भांडवलावर मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी घरबसल्या संशोधनाचं काम केलं. विषय होता बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांमधल्या रोहिंग्या बायका-मुलींच्या गरजा. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त माणसं जीव घेऊन तिथं आली. उखिया आणि टेकनाफ भागात बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत त्यांचे संसार आहेत.

अशी कामं मिळतात कुठं, हे बऱ्याच मैत्रिणी विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन कामासाठी नाव नोंदवता येतं. वय १८ पूर्ण हवं. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एक काम फार तर १२ आठवडे. मानधन नसतं. नोकरी सांभाळून हे जमतं.

अर्जात मी २०१९ च्या महापुराबद्दल लिहिलं होतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. तेव्हा एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी मदतीला होते. व्हिडिओवरच्या मुलाखतीत पदवीपेक्षा त्याच दिवसांवर जास्त प्रश्न आले.

काम सुरू होण्याआधी आचारसंहितेवर सही आणि एक प्रशिक्षण झालं. त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. बाईला उपचार किंवा आधार देण्याची सोय हाताशी नसेल, तर तिच्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल तिला विचारायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच अशा सूचना दिल्या आहेत. आपल्याला अहवाल हवा म्हणून कुणाची जखम उकलायची नाही. त्यामुळे आम्ही दूरचे स्वयंसेवक कुणालाही फोन करणार नव्हतो. आधीच प्रसिद्ध झालेले अहवाल वाचायचे आणि त्यात आलेली एकेक गरज एक्सेलमध्ये नोंदवायची, असं काम होतं. गरज काय, कुठल्या छावणीतली, कुठल्या महिन्यातली, आणि सांगितली कुणी.

तो शेवटचा रकाना भरतानाच खरं काय ते कळत गेलं. कितीतरी ठिकाणी उत्तर कुटुंबप्रमुखानं दिलेलं, म्हणजे बहुधा पुरुषानं. त्याच्या यादीत धान्य, छप्पर, रोजगार. बायकांशी वेगळं बसून बोललेल्या नोंदी उघडल्या की संडासाची कडी, रात्रीचा दिवा आणि आंघोळीचा आडोसा पुढं येतो. मदतकार्याच्या 'स्फिअर' निकषांत वीस माणसांमागे एक संडास, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, आतून कडी आणि उजेड, हे सगळं लिहिलेलं आहे. पण नुसत्या संडासांची संख्या भरली म्हणजे अंधारात तिथवर जाता येतं असं नाही. रात्री जावं लागू नये म्हणून बायका संध्याकाळी खाणंपिणं कमी करतात, झोपडीच्या कोपऱ्यात आडोसा करून आंघोळ उरकतात. (आपल्याकडंही पुनर्वसनाची कागदपत्रं खातेदाराच्या नावावर निघत आली, आणि खातेदार बहुतेक घरांत पुरुषच. कोयनेच्या विस्थापितांची घरं पाहिलेल्यांना हे नवं नाही.)

सगळ्यात मोकळा राहिला तो बारा ते सोळा वर्षांच्या मुलींचा भाग. 'मुलं' म्हटलं की शाळा आणि लसीकरण, 'महिला' म्हटलं की बाळंतपण. पाळी सुरू झाली की तिथल्या बऱ्याच घरांत मुलीला बाहेर सोडत नाहीत. मग ती ना वर्गात दिसते ना बायकांच्या बैठकीत, आणि विचारणाऱ्याला भेटतच नाही. मी अशा ओळी पिवळ्या रंगानं वेगळ्या केल्या. ते पिवळे पट्टे वाढत गेले तशी माझी झोप उडत गेली.

सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंशी या कामाबद्दल बोलत होते. पुरात त्या लेकीला घेऊन केंद्रात राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पॅडची खोकी आली गं, पण बदलायचं कुठं? आणि ओले कपडे शंभर माणसांत वाळत घालायचे कुठं?" वाळत घालण्याचा प्रश्न माझ्या रकान्यांत नव्हता. तो मनात ठेवून मी अहवाल पुन्हा चाळले, तर पाळीची कापडं घरातच, दुसऱ्या कपड्यांखाली दडवून वाळवल्याचे उल्लेख सापडले. पावसाळ्यात ती कुठली वाळतायत! दमट कापडं तशीच वापरली की खाज आणि जंतुसंसर्ग. आमच्या समन्वयक ताई बांगलादेशच्याच. त्यांनी हा मुद्दा लगेच उचलला आणि अहवालात त्याला स्वतंत्र परिच्छेद दिला.

शिफारशींत आम्ही दोन गोष्टी आग्रहानं मांडल्या. पुढच्या पाहणीत किशोरवयीन मुलींचा गट वेगळा धरावा, आणि त्यांच्याशी बोलायला बायकांनीच घरोघरी जावं, मुलींना बैठकीला बोलावून भागणार नाही. संस्थेनं प्रश्नावलीत वयाचे गट बदलले आहेत. पाहणी अजून व्हायची आहे.

तुम्हाला हे काम करायचं असेल, तर अर्जात प्रमाणपत्रांची जंत्री देऊ नका. पूर, दुष्काळ, ऊसतोडीच्या खोपी, धरणग्रस्तांची वसाहत, यातलं जे जवळून पाहिलंय ते चार वाक्यांत लिहा.