तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठ्यांच्या यादीबद्दल

नाही, मला त्याचे पैसे मिळाले नाहीत. नाही, मी धर्म बदललेला नाही. गणपतीला मी मंडळात येते, आरत्या म्हणते, उकडीचे मोदकही वळते. हे आधीच सांगून टाकते, कारण दर भेटीत तोच प्रश्न येतो: "तू मराठी, मग त्या इटालियन लोकांच्या लॉजचा इतिहास लिहायचा उपद्व्याप कशाला? आणि लिहिलास तर लिहिलास, त्या मुसोलिनीच्या अंगठ्या कशाला उकरून काढल्यास?" (लॉज म्हणजे उतरायचं हॉटेल नव्हे; इथे अमेरिकेत इटालियनांनी एकमेकांच्या मदतीसाठी काढलेल्या संघटनेची गावातली शाखा.) लॉजमधली माणसं पहिला अर्धा प्रश्न विचारत नाहीत. दुसरा मात्र विचारतात, आणि तुमच्यापेक्षा कडक शब्दांत.

पहिल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. वाचता येणारी मी एकटीच होते. लॉजच्या शंभरीची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा तळघरातल्या बारमागच्या कपाटातून इतिवृत्ताच्या वह्या निघाल्या. 1941 पर्यंतच्या सगळ्या इटालियनमध्ये. समितीतले लोक म्हणजे मुलं नाहीतर नातवंडं, आणि त्यांच्याकडे खाण्याचे पदार्थ आणि शिव्या एवढंच इटालियन उरलेलं. मी लग्नानंतर कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकले होते, सासूबाई बहिणींशी फोनवर काय बोलतात ते कळावं म्हणून. ते कधी कळलं नाही, कारण त्या इटलीतल्या आब्रुत्सो प्रांताच्या बोलीत बोलायच्या आणि वर्गात शिकवायचे ते पुस्तकी. वह्या मात्र पुस्तकी भाषेत होत्या. सून म्हणून सभासदत्व होतंच. पेटी माझ्या गाडीत ठेवली गेली.

सुरुवातीला जे सापडलं ते तुम्हालाही आवडलं असतं. वर्गणी, आजारपणाचे पैसे, मयताचा खर्च. आमचा भाग पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या कोळसाखाणींचा. इथे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1915 साली झाला. त्याआधी खाणीत माणूस गेला तर बायकोच्या हातात काय पडेल ते कंपनीच्या मर्जीवर. 1907 च्या डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाच्या खाणीत 360 च्या वर माणसं मेली, त्यांत सर्वांत जास्त इटालियन. अशा काळात ही लॉजं उभी राहिली. सिसिलीहून आलेल्या डॉक्टर विन्चेन्झो सेल्लारो यांनी 22 जून 1905 ला न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत पाच जणांना हाताशी धरून 'सन्स ऑफ इटली' सुरू केली. त्या पाचांत एक औषधवाला, एक वकील, एक शिल्पकार आणि दोन न्हावी होते. दोन न्हावी हा तपशील मला फार आवडतो. संघटना करायची तर सगळ्या गावाच्या बातम्या ज्याच्याकडे येतात तो माणूस हवाच.

मुंबईत गोव्याच्या एकेका गावाचा कूड असायचा, गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची. तसंच हे, फक्त वर झेंडा, शपथ आणि पदव्यांचा भपका. लॉजच्या अध्यक्षाला 'व्हेनरेबल' म्हणायचे. गावोगावच्या लॉजांना गॅरिबाल्डीचं, दान्तेचं, मॅझिनीचं नाव. मॅझिनीला सावरकरांनी 1907 मध्येच मराठीत आणलेलं, त्यामुळे वहीत तो दिसला की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

त्याच भरात मी मंडळात महाराष्ट्र दिनाला ते भाषण केलं होतं. 'हेही आपल्यासारखेच' असा त्याचा एकंदर सूर. टाळ्या पडल्या होत्या. ते भाषण करणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी आता मनातल्या मनात भांडते. आपल्यासारखे कसे? 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने 11 इटालियनांना ठार मारलं हे खरं. 1924 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने दक्षिण युरोपच्या नाड्या आवळल्या हेही खरं. पण त्या कायद्यात इटलीच्या वाट्याला वर्षाला 3,845 जागा होत्या. हिंदी माणसाच्या वाट्याला एकही नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की हिंदी माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. इटालियन कागदावर गोरेच होते. ती भाषणवाली बाई म्हणते, श्रोते लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे खूश होते, त्यांना काय कोटे सांगत बसायचं? तिचंही खरं आहे.

आता दुसरा अर्धा.

ऑक्टोबर 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली. नोव्हेंबरात राष्ट्रसंघाने निर्बंध लादले. 18 डिसेंबरला रोममध्ये राणी एलेनाने आपली लग्नाची अंगठी देशाला दिली आणि मागोमाग लाखो बायकांनी. सोन्याच्या बदल्यात पोलादाची अंगठी मिळायची. हे लोण अमेरिकेतल्या इटालियन वस्त्यांतही आलं. 1936 च्या सुरुवातीच्या एका सभेच्या इतिवृत्तात मला एक यादी मिळाली. डावीकडे बाईचं नाव, उजवीकडे 'एक अंगठी'. एकीपुढे 'अंगठी व कानातले'. खाली चिटणिसाची सही, भलं मोठं वेलांटीदार अक्षर.

ती नावं कुणाला ओळखीची वाटेनात. इटालियन कागदपत्रांत बाईचं माहेरचंच नाव लिहितात. इथे जन्मलेल्या नातवंडांना आजीचं माहेरचं आडनाव कुठून ठाऊक असणार? मी यादी घेऊन चर्चच्या विवाह-नोंदवहीशी ताडत बसले. मला यात काही शोधायचं नव्हतं. खरंच नव्हतं. नावं लागत गेली. किराणावाल्याची आजी. आमच्या दंतवैद्याची पणजी. आणि खालून तिसरी, माझ्या सासूबाईंची आई.

घरात त्या अंगठीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मंदीच्या काळात आजीने लग्नाची अंगठी विकून पोरांना जेवू घातलं. म्हणून ती आयुष्यभर राखाडी रंगाची स्वस्तातली अंगठी घालायची. माझ्या नवऱ्याने ही गोष्ट मला लग्नाआधी सांगितली होती, डोळ्यांत पाणी आणून.

मी सासूबाईंना सांगायला गेले. त्या तेव्हा नव्वदीला टेकलेल्या, डोकं लख्ख. वही समोर धरली तर म्हणाल्या, वाच. मी वाचलं. आईचं माहेरचं नाव कानावर पडल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ मुसोलिनीबद्दल अवाक्षर नाही. त्यांचा राग निराळाच होता. "विकली म्हणाली होती. मी लहानपणी तिच्यासाठी दुकानांच्या काचांतून अंगठ्या बघत फिरायचे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "छाप. आणि मिसेस अमुक असं नको. हेच नाव छाप." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: समिती काय म्हणते ते बघ, मला मध्ये घालू नकोस.

समितीची बैठक मी विसरायचा प्रयत्न केलाय. एक गृहस्थ, माझ्याशी नेहमी गोड वागणारे, उभे राहिले. त्यांचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गणवेशात लढून तिकडेच राहिला. म्हणाले, "माझ्या आईचं नाव त्या कागदावर असेल तर ते माझं आहे. तुझं नाही." मी म्हटलं, नाव तुमच्या आईचं आहे. ते बसले नाहीत. दुसऱ्या एकीने विचारलं, तुझ्या लोकांबद्दल असं छापशील का? मी म्हटलं, छापीन. आता इतक्या ठामपणे म्हणवेल का, कुणास ठाऊक. मग मतदान. अंगठ्यांचा उल्लेख एका परिच्छेदात ठेवावा, नावं गाळावीत, असं ठरलं. माझा नवरा समितीत होता. त्याने हात वर केला नाही, ना या बाजूला ना त्या. घरी येताना गाडीत आम्ही हवामानावर बोललो.

तर, उकरून काढल्यास का, याला माझं म्हणणं असं. मौन या बायकांनी निवडलेलं नव्हतं, त्यांच्यावर ते आलं. दि सिल्व्हेस्त्रो हे 'सन्स ऑफ इटली'चे त्या काळचे देशातले सर्वोच्च प्रमुख, ते मुसोलिनीच्या बाजूने उघड झुकलेले. त्यावरून 1925 मध्ये न्यूयॉर्कची शाखा फुटून बाहेर पडली. म्हणजे भांडण मोठ्या माणसांचं, छापून आलेलं. अंगठी उतरवणारीला कुणी मत विचारलं नव्हतं, लॉजने आणि शेजारणींनी ताट मात्र पुढे केलं होतं. मग डिसेंबर 1941 आला, अमेरिका आणि इटली एकमेकांचे शत्रू झाले. नागरिकत्व न घेतलेले सहा लाख इटालियन एका रात्रीत 'शत्रूराष्ट्राचे परके' ठरले. फोटो, बोटांचे ठसे, ओळखपुस्तिका, घरातला शॉर्टवेव्ह रेडिओ जमा. आमच्या वह्या जानेवारी 1942 पासून इंग्रजीत सुरू होतात, मोडक्या इंग्रजीत, त्याच चिटणिसाच्या अक्षरात. ऑक्टोबरात हुकूम उठला, पण तोवर अंगठी 'मंदीत विकली' झाली होती.

आणि मंडळातल्या ज्या मैत्रिणी "शी, मुसोलिनी!" म्हणून नाक मुरडतात त्यांना एवढंच: नागपूरचे, हिंदू महासभेचे डॉक्टर मुंजे 1931 च्या मार्चमध्ये रोमला जाऊन त्याच माणसाला भेटून आले होते आणि तिथल्या पोरांच्या कवायती पाहून भारावले होते. माझ्या आजीने 1962 मध्ये चीनच्या युद्धासाठी पाटल्या दिल्या. त्या आमच्या घरात अभिमानाने सांगतात, पावतीसुद्धा जपलीये. हो, फरक मला कळतो. आपल्यावर चाल आली होती. इटलीने चाल केली होती, मोहरीचा वायू फवारला होता, आणि त्याच दिवसांत हार्लेममधले कृष्णवर्णीय लोक इथिओपियासाठी पै-पैसा गोळा करत होते. त्या यादीतली एखादी बाई हे वाचू शकली असती तर? बहुतेकींना सहीसुद्धा येत नव्हती. की हे मी त्यांच्या वतीने सारवासारव करतेय? तेही असेल. निरक्षर माणसालाही युद्ध म्हणजे काय ते कळतं, असं माझा मुलगा म्हणतो, आणि मला उत्तर सुचत नाही.

2020 मध्ये कोलंबसाचे, म्हणजे इथल्या इटालियनांच्या मानाच्या माणसाचे, पुतळे उतरले तेव्हा लॉजमध्ये सगळे म्हणत होते, आमचा इतिहास पुसताहेत. मी गप्प होते. बोलले असते तर पुसण्याबद्दलच बोलले असते, आणि त्या बैठकीचा विषय तो नव्हता.

सासूबाई गेल्या. त्यांनी फोनवर जे सांगितलं ते खरं धरायचं की आदल्या दिवशीचं, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही. स्मरणिकेच्या प्रती संपल्या आहेत आणि दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय. मी नावांचा ठराव पुन्हा टाकणार आहे. या खेपेला अनुमोदन नवऱ्याने द्यावं असं मी त्याला सांगितलंय. तो बघतो म्हणाला.