गुणांशेजारचा रकाना: छोट्या सागरी संरक्षित क्षेत्राचे मूल्यमापन करताना

क्षेत्र जेमतेम एक चौरस किलोमीटर, गस्तीला एक होडी, चार रक्षक आणि एक व्यवस्थापन आराखडा. एवढ्याशा जागेचे मूल्यमापन दोन दिवसांत उरकेल, असे बाहेरून वाटते. पण काम अवघड होते ते छोटेपणामुळेच. एक चौरस किलोमीटरच्या चौकोनाला चार किलोमीटर कड असते, शंभर चौरस किलोमीटरच्या चौकोनाला चाळीस. म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे छोट्या क्षेत्राला दहापट कड राखावी लागते. मासा जरा भटकला की हद्दीबाहेर जातो, होडी जरा वाहवली की हद्दीत येते.

सुरुवातीलाच आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. व्यवस्थापन नीट चालले आहे का, हा एक. समुद्रात फरक पडला आहे का, हा दुसरा. पहिल्यासाठी 'मेट' ही प्रश्नावली घेतली. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आणि जागतिक बँक यांच्या युतीने ती तयार केली आहे. मूळ आवृत्तीत ३० प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ३ गुण असतात. संदर्भ, नियोजन, साधने, कार्यपद्धती, झालेली कामे आणि परिणाम या आययूसीएनच्या (निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) सहा अंगांवर तिची मांडणी बेतलेली आहे. एकाच जागेची प्रगती वर्षानुवर्षे पाहण्यासाठी ती चांगली आहे, दोन जागांची तुलना करण्यासाठी नाही. शिवाय परिणामांच्या बाबतीत ती कमकुवत आहे. पाण्याखाली काय घडले हे तिच्या गुणांवरून कळत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी आययूसीएनच्या २००४ च्या मार्गदर्शिकेतील ४२ निर्देशक समोर ठेवले: १० जैवभौतिक, १६ सामाजिक-आर्थिक, १६ प्रशासकीय. सगळे मोजायचा मोह टाळावा. छोट्या गटाला नऊ-दहा झेपतात, आणि आराखड्यातल्या उद्दिष्टाशी थेट जोडता येतील तेवढेच घ्यावेत.

गुण देण्याची बैठक बहुतेक ठिकाणी फसते. सगळे एकत्र बसतात, अधिकारी एक आकडा सुचवतात, बाकीचे माना डोलावतात. आम्ही आधी प्रत्येकाला एकट्याने प्रश्नावली भरायला दिली आणि मग उत्तरे शेजारी मांडली. जिथे दोन गुणांचा फरक निघाला तिथे थांबलो. 'हद्द माहीत आहे का' या प्रश्नाला व्यवस्थापन ३ देते आणि मच्छीमार १ देतात, तेव्हा बहुधा दोघेही खरे बोलत असतात: अधिसूचनेत हद्द चोख असते, पाण्यात हद्द दाखवणारा तरंगता बोया वाहून गेलेला असतो. अशा वेळी सरासरी काढून २ लिहिले की दोन्ही गोष्टी नाहीशा होतात. म्हणून गुणांशेजारी एक रकाना सक्तीचा केला. त्यात आकडा कशावरून दिला ते लिहायचे: नोंदवहीचे पान, तारीख, छायाचित्र, कोणत्या गटाने सांगितले ते. रकाना रिकामा असेल तर गुण धरायचा नाही. या एका नियमाने बैठक दुप्पट लांबते, पण माझ्या मते सगळ्या मूल्यमापनात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे.

हद्दीची तपासणी स्वतः होडीतून करावी. अधिसूचनेतला प्रत्येक कोपरा जीपीएसवर घालून तिथे जायचे आणि बोयाचे खरे स्थान टिपायचे. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे ३०.५० मिनिटे हे ३० मिनिटे ५० सेकंद म्हणून वाचणे. प्रत्यक्षात ती ३० मिनिटे ३० सेकंद होतात. अक्षांशात एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, तेव्हा २० सेकंदांची चूक ६०० मीटरच्या वर जाते. एक किलोमीटर रुंद क्षेत्रात तेवढ्याने अर्ध्याहून अधिक भाग भलतीकडे सरकतो. जुन्या नकाशावरून घेतलेले अंक असतील तर तो नकाशा कोणत्या संदर्भप्रणालीवर आहे तेही पाहावे. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही प्रणाली वापरते, आणि फरक काही वेळा शेकडो मीटरचा असतो. बोया साखळीवर फिरतो हेही ध्यानात घ्यावे. ८ मीटर खोलीत १५ मीटर साखळी असेल तर तो नांगरापासून सुमारे १२-१३ मीटर कुठल्याही बाजूला सापडू शकतो. एवढ्यावरून कुणाला दोषी धरू नये.

गस्तीच्या नोंदी वाचताना उल्लंघनांची संख्या एकटी पाहायची नाही. समजा एका वर्षी ६० तासांत १२ प्रकरणे सापडली आणि पुढच्या वर्षी २० तासांत ६. संख्या निम्मी झाली म्हणून अहवालात सुधारणा लिहिली जाते. पण तासाला ०.२ वरून दर ०.३ वर गेलेला असतो. सुधारणा नाही, गस्त घटली. त्यानंतर गस्तीचे तास दिवसाच्या २४ रकान्यांत मांडावेत. तास सकाळ ते संध्याकाळ गोळा झाले असतील आणि जाळी रात्री पडत असतील, तर शून्य उल्लंघनांना अर्थ नाही. कोऱ्या दिवसाचा अर्थही विचारून घ्यावा लागतो: काही आढळले नाही, गस्त झाली नाही, की इंजिन बंद होते? खात्रीसाठी इंधनवही ताडून पाहावी. होडी तासाला किती लिटर खाते हे एकदा मोजून घेतले की झाले. ते ८ लिटर निघाले आणि पाच तासांच्या गस्तीसमोर १५ लिटरची नोंद असली, तर विचारपूस करावी. इंजिन बंद ठेवून होडी उभी होती असेही उत्तर मिळते आणि ते खरे असू शकते. म्हणून आधी विचारावे, मग लिहावे.

पाण्याखालच्या मोजणीत आम्ही ५० मीटर टेप आणि ५ मीटर रुंद पट्टा ठेवला, म्हणजे दर खेपेला २५० चौरस मीटर. टेप अंथरल्यावर मासे बिथरतात, म्हणून थोडे थांबूनच मोजणी सुरू करायची. लांबी ५ सेंटिमीटरच्या गटांत नोंदवायची. इथे दोन धोके आहेत. पाण्यात मुखवट्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, आणि वजन लांबीच्या जवळजवळ घनाने वाढते. ३० सेंटिमीटरचा हेकरू ३५ चा वाटला की त्याचे वजन सुमारे ५९ टक्के फुगते. म्हणून मोजणीपूर्वी वेगवेगळ्या मापाच्या प्लास्टिकच्या माशांवर सराव करायचा आणि प्रत्येकाची चूक लिहून ठेवायची. दुसरा धोका थव्यांचा. दहा पट्ट्यांपैकी नऊंमध्ये दहा-दहा मासे आणि एकात तांबोशीचा २१० चा थवा आला, तर सरासरी ३० होते. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, १० च राहतो. दोन्ही आकडे छापावेत, आणि थवा वेगळा दाखवावा.

तुलनेसाठी बाहेरची जागा निवडणे अवघड. खोली, तळ आणि लाटांचा मारा सारखा हवा. फार जवळची घेतली तर आतले मासे तिथे पोचलेले असतात आणि फरक कमी दिसतो. आणि क्षेत्रातून हटलेली मासेमारी तिथेच जाऊन बसली असेल तर फरक जास्त दिसतो, आत एक मासाही वाढलेला नसताना. बंदीपूर्वीची मोजणी हाताशी नसेल तर अहवालात 'वाढ' हा शब्द वापरू नये, 'आत-बाहेर फरक' एवढेच म्हणावे. अपेक्षाही नेमक्या असाव्यात. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या ८७ क्षेत्रांच्या अभ्यासात पाच गुण तपासले होते: पूर्ण मासेमारीबंदी, चांगली अंमलबजावणी, दहा वर्षांहून अधिक वय, १०० चौरस किलोमीटरहून अधिक आकार, आणि खोल पाणी किंवा वाळूने झालेले वेगळेपण. यांतला एखाद-दुसराच गुण असलेली क्षेत्रे मासेमारी चालणाऱ्या जागांपेक्षा फारशी वेगळी दिसली नाहीत. छोट्या क्षेत्राला आकाराचा गुण कधीच मिळणार नाही, तेव्हा बंदी आणि अंमलबजावणी यांतली ढिलाई त्याला सर्वांत महागात पडते.

मुलाखती घेताना रक्षक किंवा अधिकारी जवळ नसावेत. 'क्षेत्र चांगले आहे का' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी मागची खेप विचारावी: कुठे गेलात, कोणते जाळे, किती तास, किती मासळी. ओहोटीला खडकांवर कालवे-शिंपले वेचणाऱ्या बायकांशी वेगळे बोलावे. त्यांच्याकडे होडी नसते, म्हणून मच्छीमारांच्या यादीत त्या येत नाहीत, आणि किनाऱ्यालगतच्या बंदीचा भार पुष्कळदा त्यांच्यावरच असतो. उत्तरे वयाप्रमाणे वेगळी ठेवावीत. १९९५ मध्ये डॅनियल पॉली यांनी दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलेला समुद्रच मूळचा धरते. पंचविशीतला माणूस 'मासळी ठीक आहे' म्हणतो आणि साठीतला 'संपली' म्हणतो, तेव्हा ते दोन वेगळ्या समुद्रांविषयी बोलत असतात.

अहवालात माणसे आणि पैसा यांचा भाग शेवटी ढकलू नये. २०१७ च्या एका जागतिक अभ्यासात पुरेसे मनुष्यबळ असलेल्या क्षेत्रांत परिणाम अपुऱ्या मनुष्यबळाच्या क्षेत्रांपेक्षा २.९ पट मोठे दिसले. चार रक्षकांपैकी दोघे कार्यालयात अडकले असतील तर ते पहिल्या पानावर यावे.

बाहेर पडण्यापूर्वी आम्ही एक पेटी तिथेच ठेवली: प्रत्येक टेपच्या सुरुवातीचे जीपीएस अंक आणि दिशा, मोजणाऱ्यांची नावे व त्यांच्या लांबीच्या चुका, पाण्यात लिहिलेले मूळ तक्ते, महिना आणि भरतीची वेळ. पुढची मोजणी त्याच महिन्यात, त्याच अंकांवरून सुरू करायची आहे.